घरच्या घरी स्की बनवायच्या, तर साचा कशाचा?

साचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे करंजीचा साचा येतो, फार तर पेणच्या मूर्तिकारांचा. दोन्हीकडे माल मऊ असतो, साच्यात गेला की निमूट आकार घेतो. स्कीचं तसं नाही. स्की, म्हणजे बर्फावरून घसरायला बुटाखाली लावायची लांब पट्टी, थरांची असते: तळाला घसरतं पॉलिथिन, त्याच्या कडांना पोलादी पट्टी, वर फायबरग्लास, मधोमध लाकडाचा गाभा, पुन्हा फायबरग्लास आणि सगळ्यांवर नक्षीचा पापुद्रा. हे थर इपॉक्सीत, म्हणजे कालवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, भिजवून एकावर एक रचायचे आणि इपॉक्सी घट्ट होईपर्यंत दाबून, वाकवून धरायचे. लाकूड आपल्या गुणाने सरळ व्हायला बघतं आणि साच्याने त्याला अडवायचं. म्हणजे हा साचा भांड्यापेक्षा ऐरणीच्या जातीचा.

मी डेन्व्हरजवळ राहते. रस्त्यात गर्दी नसेल तर लव्हलँडचा बर्फ तासाभरावर. गेल्या चार हिवाळ्यांत गॅरेजमध्ये तीन साचे केले. एक फसला, एकाने लेकीच्या स्कीपुरतं काम दिलं, एक अजून वापरात आहे. या नादाला नव्याने लागणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: एमडीएफशिवाय दुसरं काय चालेल? एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड. तो जड, त्याचा भुसा नाकातोंडात जातो, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला चार बाय आठ फुटी शीट जिन्याने चढवणं म्हणजे शिक्षाच. तर, चालतं बरंच काही. फक्त मटेरियल निवडण्याआधी दाब कसा देणार ते ठरवा. मी हा क्रम उलटा केला आणि पहिला साचा वाया घालवला.

पायरी १: दाब ठरवा

घरी दोन रस्ते आहेत. पहिला हवेच्या प्रेसचा: भक्कम लोखंडी चौकट, तिच्यात खालचा आणि वरचा असे दोन साचे, आणि वरच्या साच्याच्या डोक्यावर कॉम्प्रेसरने फुगवलेला अग्निशमनाचा जाड होज. दुसरा व्हॅक्यूमचा: साचा आणि थर प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, बाहेरची हवा फुकट दाब देते.

आकडे बघा. स्कीखालचा साचा साधारण १८५ सेंटीमीटर लांब आणि १५ रुंद धरला, तर क्षेत्रफळ २,७७५ चौरस सेंटीमीटर होतं. प्रेसमध्ये ४० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब दिला तर त्यावर जवळपास पावणेआठ टन भार येतो. चौकटीचा एखादा वेल्ड सुटला तर ती ज्या दिशेला उडेल तिथे आपण नसावं. व्हॅक्यूममध्ये समुद्रसपाटीला वरची मर्यादा १४.७ पीएसआय. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर असल्याने इथे हवाच १२ पीएसआयच्या आसपास. हीच पिशवी मुंबईत ओढली तर जास्त घट्ट बसेल, पण तिथे बर्फ कुठून आणायचा! पंपाची गळती धरून माझ्या हाती साडेदहा पीएसआय लागतात, म्हणजे दोन टनांच्या आसपास भार. तेवढ्यात चांगली स्की होते.

शिवाय पिशवीतला भार वरून, खालून, बाजूंनी सारखाच येतो, त्यामुळे चौकट लागत नाही. नवशिक्याने व्हॅक्यूमपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. एकच साचा लागतो, वरचा करावाच लागत नाही.

ही जुगाडाची परंपरा जुनीच आहे. १९४७ च्या सुमाराला बाल्टिमोरमध्ये हॉवर्ड हेड नावाचा विमान कारखान्यातला अभियंता ॲल्युमिनियम आणि प्लायवूडच्या स्की चिकटवत होता. साचा रबरी पिशवीत, हवा ओढायला जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, आणि पिशवी शिजवायला गाड्यांतून काढलेलं काळं इंजिन ऑइल भरलेली लोखंडी टाकी. पहिल्या सहाही जोड्या उतारावर मोडल्या. १९५० मध्ये त्याने कंपनी काढली आणि पुढे हेडच्या स्की जगभर गेल्या. तेलाच्या टाकीचं अनुकरण कृपया करू नका. फ्रीजचा कॉम्प्रेसर मात्र आजही लोक वापरतात.

पायरी २: बाक कागदावर

साच्याला वरून बघू नका, बाजूने बघा. त्याची सगळी अक्कल त्या एका रेषेत आहे. पुढचं टोक वर वळलेलं, ३५ ते ४० सेंटीमीटर त्रिज्येचं. (टेबलावर काढलेलं वळण छान दिसतं म्हणून लोक ते फार आवळतात आणि मग गाभा त्या वळणाला बसत नाही.) टोकाची उंची पाच-सहा सेंटीमीटर. मागचं शेपूट थोडंसं उचललेलं. मधल्या भागात कमान, म्हणजे कॅम्बर. स्की सपाट फरशीवर ठेवली की मधोमध जी फट दिसते ती ही. साच्यातून निघाल्यावर कमान थोडी उतरते, म्हणून हव्या त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायची. पहिल्या जोडीला साच्यात सात-आठ मिलिमीटर पुरे.

ही रेषा पूर्ण मापात कागदावर काढा. मोजलेल्या बिंदूंवर खिळे ठोका आणि त्यांना टेकवून एक लवचिक लाकडी पट्टी वाकवा. पट्टी स्वतःहून जो बाक घेईल तो बिंदू जोडून काढलेल्या रेषेपेक्षा नेहमीच चांगला. मग ती रेषा ६ मिलिमीटर हार्डबोर्डवर किंवा पातळ प्लायवर उतरवून मूळ फर्मा, म्हणजे पुढच्या सगळ्या कापणीचा नमुना, कापा.

फर्मा पॉलिश पेपरने घासून झाला की डोळे मिटा आणि अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा अंगठ्याला लागतो. लागला तिथे पेन्सिलीने फुली मारा, घासा, पुन्हा अंगठा. माझा सगळ्यात चांगला फर्मा अर्ध्या तासात कापून झाला आणि अंगठ्याने पास व्हायला दोन संध्याकाळी लागल्या. घाई करायची तर पुढच्या पायऱ्यांना करा, इथे नको.

पायरी ३: मटेरियल निवडा

गुलाबी किंवा निळा फोम. इन्शुलेशनसाठी मिळतो तो एक्सपीएस. आपल्या थर्माकोलचा चुलतभाऊ, पण थर्माकोलसारखे दाणे सुटत नाहीत. हलका, तापत्या तारेने लोण्यासारखा कापला जातो, आवाज नाही, भुसा नाही. अपार्टमेंटवाल्यांसाठी हाच. मात्र बोर्डावर छापलेला पीएसआयचा आकडा वाचा. १५, २५, ४०, ६० अशा प्रती मिळतात. तो आकडा फोम किती भाराखाली मोडतो किंवा दहा टक्के चेपतो त्याचा आहे, किती भार आरामात सोसेल त्याचा नाही. दहा सेंटीमीटर जाडीचे दहा टक्के म्हणजे एक सेंटीमीटर. तेवढ्यात आपली सगळी कमान गेली!

माझं नेमकं हेच झालं. गणपतीच्या मखराचा फोम उरला होता, १५ पीएसआयचा. भार साडेदहाचा, म्हटलं बसतोय की. रात्री पंप लावून झोपले. एक रात्रभर दाबलं की फोम हळूहळू बसत जातो हे तेव्हा डोक्यात नव्हतं. पहिली स्की बरी निघाली. त्याच साच्यावर दुसरी केली ती तीन मिलिमीटर कमी कमानीची. जोडी जुळेना. साच्याच्या वरच्या कडा तर बाजूच्या दाबाने साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. तेव्हा व्हॅक्यूमसाठी किमान ४० पीएसआयचा फोम घ्या, ६० चा मिळाला तर उत्तम. काँक्रीटच्या लादीखाली घालायचा म्हणून तो मिळतो. हवेच्या प्रेसमध्ये फोमचं नाव काढू नका.

आणखी दोन गोष्टी. इपॉक्सी या फोमला काही करत नाही, पण पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवून टाकतं. आणि ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास फोम मऊ पडू लागतो, त्यामुळे हीटिंग ब्लँकेट लावून वर तापवण्याचा बेत असेल तर फोम नको.

बांधकामाच्या तुळया. इकडची घरं लाकडाची, त्यामुळे एलव्हीएल तुळयांचे तुकडे जागोजाग पडलेले असतात. पातळ लाकडी पापुद्रे एकाच दिशेने चिकटवून केलेली ही तुळई सरळ राहते, साध्या फळीसारखी ऋतू बदलला की पिळत नाही. जाडी साधारण ४५ मिलिमीटर, म्हणजे चार तुकडे शेजारी लावले की १८ सेंटीमीटर रुंदीचा साचा तयार. साइटवरच्या मुकादमाला विचारून दोन मीटरचे तुकडे घ्या, न विचारता उचलू नका. घरी आणल्यावर आधी खिळे शोधा. राउटर म्हणजे लाकूड कापणाऱ्या फिरत्या पात्याचं यंत्र. त्याच्या पात्याला खिळा लागला तर पातं तर जातंच, शिवाय तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. माझा सध्याचा साचा एलव्हीएलचा आहे आणि मी त्यावर खूश आहे. दोन्ही पद्धतींच्या दाबाला तो भारी पडतो.

राउटर चालवताना रेषांची दिशा सांभाळा. टोकाच्या चढावर रेषा कापल्या जातात आणि पातं खालून वर नेलं तर ढलपे निघतात. वरून उताराकडे आणा, आणि एका फेरीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त खाऊ नका.

प्लायवूड आणि एमडीएफ. प्लायवूड हलकं आणि मजबूत, पण स्वस्त प्लायमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या कापलेल्या कडेवर उघड्या पडतात. लांबी (पुट्टी) भरून घासता येतं. एमडीएफबद्दल एवढंच: १८ मिलिमीटरच्या दहा पट्ट्या चिकटवून केलेला साचा तीस किलोच्या आसपास भरतो, आकार सुरेख धरतो, पाणी लागलं की फुगतो. गॅरेजमध्ये गाडीच्या चाकांवरून वितळलेला बर्फ जमिनीवर पसरतो, तेव्हा साचा रिपांवर ठेवा आणि कडा वार्निशने बंद करा. भुशासाठी चांगला मास्क हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

पार्टिकल बोर्ड फुकट मिळतो, जुन्या किचन ओट्याचा वगैरे. दाबाला तो टिकतो, पण कडा राउटरखाली भुरभुरतात. सनमायका लावलेला ओटा मिळाला तर साच्याखालचा सपाट पाया म्हणून ठेवून द्या.

जुना स्नोबोर्ड. हा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि लहान मुलांच्या स्कीसाठी माझा लाडका. जुन्या स्कीवरच नवी स्की दाबण्याची युक्ती लोक सांगतात, पण जुनी स्की मधे फार अरुंद, नव्या स्कीच्या कडा बाहेर लोंबतात आणि खाली वाकतात. स्नोबोर्ड मधे पंचवीस सेंटीमीटर रुंद. टोक तयार, कमान तयार. लेकीची पहिली ११० सेंटीमीटरची जोडी मी सेकंडहँड दुकानातल्या बोर्डावर केली, दोन्ही स्की एकदम शेजारी शेजारी. नवी स्की बोर्डाच्या वरच्या, म्हणजे बूट लावायच्या बाजूवर येते. तिथे स्क्रूची भोकं असतात ती कडक लांबीने भरून सपाट करा, नाहीतर त्यांचे ठसे नव्या स्कीच्या तळावर उमटतात. पोलादी कडा पिशवी फाडतात, त्यांना जुन्या चादरीची पट्टी आणि टेप गुंडाळा. आणि संपूर्ण बोर्ड पिशवीच्या आत घाला. पिशवी टेबलालाच चिकटवून फक्त वरून झाकली तर हवा बोर्डाला टेबलावर सपाट दाबेल आणि कमान गायब.

उरलेल्यांची गोष्ट थोडक्यात. काँक्रीटचा साचा ओतायला आधी दुसरा साचा करावा लागतो, आणि वजन शंभर किलोच्या वर जातं. प्लास्टर ऑफ पॅरिस तडकतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले तुकडे टोकापुरते ठीक, पण त्यातलं साधं प्लास्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास नरमतं. ॲल्युमिनियमचा पत्रा उष्णता छान पसरवतो, तो तापवायच्या प्रेसमध्ये कामाचा. दोन मीटरचा पत्रा ६० अंशांनी तापला की पावणेतीन मिलिमीटर लांबतो, तेव्हा त्याला दोन्ही टोकांना खिळवून टाकू नका.

पायरी ४: कापणी आणि जोडणी

लाकूड किंवा एमडीएफ असेल तर: पहिली पट्टी जिगसॉने रेषेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापा, फर्म्याला स्क्रूने जोडा, बेअरिंगवाल्या पात्याचा राउटर फर्म्यावरून फिरवा. ती पट्टी पुढच्या पट्टीचा फर्मा. प्रत्येक वेळी बेअरिंग जिथून धावणार ती कड ओल्या फडक्याने पुसून घ्या. पहिल्या पट्टीवर सुकलेला गोंदाचा एक थेंब पुढच्या नऊ पट्ट्यांत उतरतो आणि साच्यावर आडवा वरवंटा तयार होतो. स्क्रू कापायच्या रेषेपासून चांगले खाली ठेवा.

फोम असेल तर: फोमच्या दोन्ही बाजूंना एकेक फर्मा लावायचा, तापलेली नायक्रोम तार दोघांनी दोन बाजूंनी धरायची आणि फर्म्यांवरून एकाच वेगाने ओढायची. फर्म्यांवर दर पाच सेंटीमीटरला आकडे लिहा आणि मोठ्याने म्हणत पुढे जा, म्हणजे दोघं एकाच आकड्यावर राहतात. माझा नवरा पाढे म्हणावे तसे म्हणतो. तार जोराने खेचू नका, ती मधे मागे राहते आणि पोटाला खळगा पडतो. जाडीसाठी दोन बोर्ड चिकटवणार असाल तर जिथून तार जाणार तिथे गोंद नको, सुकलेल्या गोंदाला तार अडते. धूर नाकात जाऊ देऊ नका, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा. फोमखाली दोन मीटरची सरळ तुळई चिकटवा, नाहीतर लांब साचा उचलताना तो स्वतःच वाकतो.

पायरी ५: वरचं कातडं

नुसत्या फोमवर किंवा कापलेल्या कडांवर स्की दाबायची नाही, वर गुळगुळीत कातडं हवं. तीन मिलिमीटरचा टेम्पर्ड हार्डबोर्ड किंवा सनमायका चालतो. टोकाच्या वळणाला हार्डबोर्ड कुरकुरतो. त्या भागाला रात्रभर ओलं फडकं गुंडाळलं की वळतो, मग वाकवून बांधून पूर्ण सुकवा आणि नंतरच चिकटवा.

काही जण मटेरियल वाचवायला भरीव साच्याऐवजी सुट्या फासळ्या उभ्या करतात आणि त्यावर हे कातडं ताणतात. त्यात एक हिशेब विसरू नका: दोन फासळ्यांमधला गाळा दुप्पट केला की कातड्याचा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. पाच सेंटीमीटरच्या गाळ्यात तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड जेमतेम कागदभर दबेल, दहाच्या गाळ्यात तोच दोन मिलिमीटरपर्यंत खाली जाईल आणि स्कीच्या तळाला धुण्याच्या फळीसारख्या लाटा पडतील. पोकळ खोका तर पिशवीत घालूच नका, चारही बाजूंनी चेपतो.

कातडं चिकटवायलाच व्हॅक्यूम पिशवी वापरा. पिशवी कुठे गळते, पंप किती ओढतो, साचा भार सोसतो का, हे सगळं महागडे थर रचण्याआधी कळतं. मखराच्या फोमच्या वेळी मी कातडं विटांचं वजन ठेवून चिकटवलं होतं. पिशवीत चिकटवलं असतं तर साचा त्याच रात्री दबला असता आणि एक जोडी वाचली असती.

पायरी ६: पीळ तपासा

कमान एखाद मिलिमीटर चुकली तर स्की चालते. पीळ असला तर नाही. पिळलेली स्की तुम्हाला न विचारता एकाच बाजूला वळते. साच्याच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, तीन-चार पावलं मागे जा, एक डोळा मिटा आणि खाली वाका, इतकं की पुढची पट्टी मागचीला झाकू लागेल. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एका बाजूला फट दिसली तर साच्याखाली पाचर घालून भागवू नका, साचा घासून दुरुस्त करा.

मग मध्यरेषा कोरा. पेन्सिलीची नको, टेपखाली दिसेनाशी होते. साचा स्कीच्या सर्वांत रुंद भागापेक्षा दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंटीमीटर जास्त हवा.

पायरी ७: चिकटू न देणं आणि कोरडी तालीम

पारदर्शक पार्सल टेपला इपॉक्सी धरत नाही. साच्याच्या सगळ्या पृष्ठभागावर ती टेप सुरकुत्या न पाडता लावा, वरून मेणाचा हात फिरवा. टेपच्या कडा एकमेकींवर चढवू नका, त्यांच्या रेघा तळावर दिसतात.

इपॉक्सी कालवण्याआधी एकदा सगळं कोरडं रचा, पिशवी बंद करा, पंप लावा आणि अर्धा तास थांबा. टोकापाशी गाभा साच्याला भिडलाय का ते बॅटरी मारून बघा. भिडत नसेल तर गाभा टोकाकडे अजून पातळ करायला हवा, साच्याचा दोष नाही. इपॉक्सीच्या दिवशी नायट्राइलचे हातमोजे घाला. तिची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, आणि मग हा छंदच सुटतो. गॅरेज गार असेल तर इपॉक्सी घट्ट व्हायला फार वेळ घेते. वर तंबूसारखं पांघरूण घालून आत छोटा हीटर लावा, हीटर पिशवीपासून लांब ठेवा आणि लक्ष असू द्या.

काम झालं की साचा आडवा, सपाट ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवलेला साचा उन्हाळ्यानंतर आधीचा राहत नाही. त्याच्या बाजूवर मार्करने तारीख, साच्यातली कमान आणि बाहेर आलेल्या स्कीची कमान लिहून ठेवा. पुढच्या जोडीला किती जास्त ठेवायचं ते तिथेच वाचता येतं.

माझा चेपलेला गुलाबी साचा? तो मखरातून आला होता, मखरातच परत गेला. यंदा गौरींच्या मागे डोंगर केला, वर कापूस पसरून.